पुसलेली भिंत

माझे अक्षर चांगले नाही. चौथीपर्यंत शिकले, आणि पुढे लिहायचे काम पडले ते किराणाच्या यादीपुरते. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. घाटगे सरांबद्दल कुणापाशी बोलायची मला लाज वाटते. लिहिताना समोर कुणी नसते, म्हणून लिहिते आहे.

सर म्युझियममध्ये डोळे झाकून शिरत. टोपी नाकापर्यंत ओढायची, माझा दंड धरायचा आणि म्हणायचे, "चल. आलं की सांग." मोठमोठ्या चित्रांसमोरून, गर्दीतून मी त्यांना आंधळ्यासारखे नेत असे. ठरलेल्या चित्रासमोर उभे केले की टोपी वर. तासभर तेच एक चित्र. मग पुन्हा टोपी खाली आणि घरी परत. पहिल्या दिवशी मी विचारले, "सर, एवढ्या लांब आलो, बाकीची नाही बघायची?"

"श्रीखंडावर आमटी ओततेस का? एका दिवशी एकच."

सरांनी मिरजेच्या एका शाळेत पस्तीस वर्षे ड्रॉइंग शिकवले होते. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना त्यांनी किती मुले बसवली याची गणती नाही. बायको वारल्यावर ते आपल्या मुलीकडे, मृणालताईंकडे, अॅमस्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्ट भागात राहायला आले. माझे मालक जवळच्या हार्लेम गावात एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. त्यांच्यामागून मी इथे आले आणि कामे धरली. मृणालताईंकडे आठवड्यातून तीन दिवस स्वयंपाक आणि साफसफाई, आणि बुधवारी सरांना म्युझियमला नेणे.

म्युझियममधली ही चित्रे सरांनी आयुष्यभर कॅलेंडरात पाहिली होती. कॅलेंडरची पाने कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून ते वर्गात दाखवत. व्हर्मीरचे एक चित्र आहे, एक मोलकरीण भांड्यात दूध ओतते आहे. खरे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा सर जाता येईल तितके पुढे गेले. मग म्हणाले, "सुमन, हिच्या पदराचा निळा बघ." तो तिचा एप्रन होता, पण सर पदरच म्हणत. "माझ्या कॅलेंडरात तो शेवाळासारखा होता. एका पोरीने झगझगीत निळा लावला म्हणून मी तिचे मार्क कापले. ती बरोबर होती गं!" आणि इतके अस्वस्थ झाले की ट्राममध्ये घरी येईपर्यंत त्या मुलीचे नाव आठवत बसले.

रेम्ब्रांटने म्हातारपणी स्वतःचे चित्र काढले आहे, ते त्यांना फार आवडे. "नाक बघ, बटाटा! रंग त्याचा, कुंचला त्याचा, थोडं नीट काढलं असतं तर कोण विचारणार होतं? पण नाही. आहे ते आहे." व्हर्मीरबद्दल सांगत, "अकरा पोरं आणि कर्ज मागे ठेवून गेला. पाववाल्याची उधारी एवढी थकली होती की बायकोने त्याला दोन चित्रं दिली." मी म्हटले, "पाववाला शहाणा निघाला." त्यावर सर इतके हसले की म्युझियमचा माणूस जवळ येऊन उभा राहिला.

दूधवाल्या बाईच्या चित्राची नक्कल सरांनी घरी करायला घेतली. हार्लेमच्या एका मराठी जोडप्याने ती आपल्या स्वयंपाकघरासाठी मागितली होती आणि सहाशे युरो आधीच दिले होते. ते सगळे सरांनी कॅनव्हास, रंग आणि फ्रेमवर खर्च केले. हाताची ठेवण बघायला त्यांनी मला हातात दुधाचा जग देऊन उभे केले. मला संकोच वाटला. मी म्हटले, "सर, असे बघू नका." ते चिडले. "तुला कोण बघतंय? मी कोपर बघतोय. कोपराला लाज नसते." कितीतरी दिवस मी अशी उभी राहिले. कधी अंगठा बघायचे, कधी मनगट. बाई झाली, निळा झाला. भिंत मात्र त्यांच्या मनासारखी होईना. रोज रंगवायचे, रोज फडक्याने पुसायचे.

दिवाळीआधी आठ दिवस मी तापाने घरी होते. परत आले तेव्हा चित्र दिवाणखान्यात खिडकीशी वाळत ठेवले होते. मृणालताई ऑफिसला, सर वर झोपलेले. मी सकाळभर चकल्या तळल्या. इथली स्वयंपाकघरे दिवाणखान्यालाच लागून, उघडी असतात, त्यामुळे तेलाचा चिकटा सगळीकडे बसतो. कपाटे पुसली, टेबल पुसले. मग चित्राकडे पाहिले. चित्रातल्या भिंतीवर, खिडकीखाली ओल धरल्यासारखे डाग होते. वर काळे ठिपके. मला वाटले, माझ्या तळणाचे उडाले. दिवाळीला भिंतीवर डाग कोण ठेवते? मी भांड्यांचा साबण घेतला, कोमट पाणी घेतले आणि घासणीच्या मऊ बाजूने पुसले. डाग जाईना, तेव्हा हिरव्या बाजूने घासला.

डाग गेला. मग भिंत गेली. मग पदराच्या निळ्याची कड घासणीला लागली आणि खाली पांढरे कापड दिसले.

ते डाग व्हर्मीरनेच काढलेले आहेत. ठिपके म्हणजे खिळे काढल्यावर राहिलेली भोके. सरांनी माझ्या आजारपणात ते एकेक करून आपल्या नकलेत उतरवले होते. हे मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळले की मी मोठे नुकसान केले आहे. घासणी कचऱ्यात तळाशी दाबली, हात धुतले, चकल्या डब्यात भरल्या आणि सर उठायच्या आत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ओरडा बसेल, काम जाईल, अशा तयारीने गेले. ओरडा बसलाच नाही. सर चित्रासमोर खुर्ची घेऊन बसले होते. "सुमन, मीच पुसलं असणार," ते म्हणाले. "रोज पुसतो ना, काल पुन्हा पुसलं. पण मला आठवत नाही गं." मी तोंड उघडले. बोलणार होते. मग म्हटले, "चहा टाकते."

त्यानंतर बोलायला रोज वेळ होता आणि रोज मी चहा टाकला.

मृणालताई घाबरल्या. वडिलांना इथल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तिथे स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळाचे चित्र काढायला लावतात. परत आल्यावर सर सोफ्यावर बसून म्हणाले, "जन्मभर पोरांना परीक्षेला बसवलं, आज मला बसवलं. काटे मी दोनदा खोडले." हार्लेमच्या लोकांना त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून सहाशे युरो परत केले. रंगांची पेटी माळ्यावर गेली. बुधवारचे म्युझियमला जाणे बंद झाले. मृणालताईंनी त्यांना एकट्याने गॅसजवळ जायची बंदी केली आणि मिरजेला चुलतभावाला फोन करून तिकडच्या वृद्धाश्रमांची चौकशी सुरू केली. फोनवर बोलताना त्या रडत, आणि मी शेजारी कणीक मळत उभी असे.

चार महिने असे गेले. एका दुपारी सर स्वयंपाकाच्या ओट्याशी आले. हातात छोटी वही होती. दरवाजा लावला का, गोळी घेतली का, हे ते त्यात लिहून ठेवू लागले होते. त्यांनी अगदी हळू, शाळेतल्या मुलासारखे विचारले, "सुमन, मी आज जेवलो का गं?"

ते जेवलेले होते. ताट अजून मोरीत होते. पण त्यांना स्वतःवर विश्वास उरला नव्हता, आणि तो मी घालवला होता.

"सर, भिंत मी पुसली."

"कसली भिंत?"

"चित्रातली. डाग होते म्हणून."

ते खुर्चीवर बसले. "कशाने?"

"भांड्याच्या साबणाने."

"आणि घासणीने?"

"हिरव्या बाजूने."

सर एकदम उठले आणि जिन्याशी जाऊन ओरडले, "मृणाल! अगं मृणाल, खाली ये! मी वेडा नाही!" मृणालताई त्या दिवशी घरूनच काम करत होत्या. धावत आल्या. सर हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होते. मग ते माझ्याकडे वळले आणि हसू गेले.

"चित्राचं सोड. चित्र पुन्हा होईल. चार महिने मी स्वतःला गेलेला समजत होतो. ते कशाने भरून देशील?"

मी हातातले फडके ओट्यावर ठेवले.

"सर, मी काम सोडते."

"सोडू नकोस. मी सहाशे परत केले आहेत, तेवढे तू मला दे. महिन्याला पन्नास."

"बाबा, अहो तिच्याकडून काय घेता?" मृणालताई म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नकोस. फुकट माफ केलं, तर ही जन्मभर माझ्यासमोर खाली मान घालून वावरेल. मला तसली माणसं घरात नकोत."

माझे मालक म्हणाले, "बरे झाले, पैशांवर भागले." पण ते पैशांवर भागले नव्हते, हे मला ठाऊक होते.

पगाराच्या दिवशी मी पन्नासची नोट सरांच्या हातात देत असे. ते नोट खिशात घालत आणि लगेच दुसरे काहीतरी बोलत. पेटी माळ्यावरून खाली आली. बुधवार पुन्हा सुरू झाले. दूधवाल्या बाईसमोर टोपी वर केली की ते भिंतीकडे बोट दाखवून म्युझियमच्या माणसाला इंग्रजीत सांगत, "हिच्यावर लक्ष ठेवा. हिला डाग खपत नाहीत." तो माणूस न कळून हसे. माझे कान लाल होत. मग सर मराठीत मला म्हणत, "बघ तरी नीट. मोलकरणीच्या मागची ओल त्याने किती मन लावून काढलीय. त्याला तिची लाज नव्हती." मी बघत असे. आधी इतके दिवस आले, पण मी फक्त हात आणि निळा पाहिला होता.

नवीन नक्कल अर्धी झाली होती. बाई पुरी, भिंत नुसती पांढरी. माघाच्या थंडीत सरांना न्युमोनिया झाला आणि चार दिवसांत ते गेले. माझे दहा हप्ते झाले होते.

तेराव्यानंतर मी शंभर युरो घेऊन मृणालताईंकडे गेले.

"सुमनताई, आता कसले पैसे? बाबा गेले."

"सर गेले. मी आहे ना."

"मला नकोत. खरंच नकोत. राहू देत तुमच्याकडे."

मी आयुष्यात कुणाशी वाद घातलेला नाही. त्या दिवशी मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि हात मागे घेतला. "ताई, घ्या. नाही घेतल्या तर मी उद्यापासून येणार नाही."

मृणालताईंनी माझ्याकडे पाहिले. मग नोटा उचलल्या. दोनच होत्या, तरी त्यांनी त्या माझ्यासमोर एकेक करून मोजल्या आणि म्हणाल्या, "सहाशे पूर्ण झाले."