काकांचा सेट, काकूंचं चॅनेल

जगातलं कुठलंही भांडण म्हणजे दोन वॉकीटॉकींचा बेबनाव, असं मनापासून मानणारा एकच माणूस या भूतलावर असेल आणि तो जुळे सोलापुरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. काका रेल्वेतून निवृत्त झाले. इंजिनातल्या ड्रायव्हरचा आणि शेवटच्या डब्यातल्या गार्डचा वॉकीटॉकी एकमेकांशी बोलता ठेवणं, हे त्यांचं जन्मभराचं काम. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या सेटला बसत नाही, जुन्या सेटला नव्याचं बोलणं उमगत नाही, हे ते इतक्या कळवळ्याने सांगतात की सख्ख्या भावांची वाटणी चालल्यासारखं वाटावं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून दोघं हमरीतुमरीवर आले, तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "चॅनेल एकच आहे की दोघांचं. आतला टोन जुळंना झालाय. टोन जुळला नाही, तर समोरचा कितीही बोंबलला तरी आपला सेट गप्पच." दोघांना काही कळलं नाही, पण भांडायचं मात्र ते विसरले. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांना काकांनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्यात एका वेळी किती जण बोलतात?"

कामात त्यांचा एक खाक्या होता. परक्या विभागातून आलेल्या इंजिनाचा सेट इथल्याशी जुळला नाही, तर बदल त्या सेटमध्ये करायचा, आपल्या सेटला हात लावायचा नाही. पाहुण्यानं आपलं ऐकायचं, असं ते म्हणत.

मागे काकूंना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, समजायचंही सगळं, पण बोलायला गेल्या की मराठी येईना. माहेर अक्कलकोटकडचं, लहानपणचं कन्नड तेवढं जिभेवर उरलं. काकांना कन्नड येत नव्हतं. सासुरवाडीतही सगळे जावयाशी मराठीतच बोलत. ते रोज समोर बसून तांब्या, खिडकी, नातवाचा फोटो दाखवत काकूंकडून मराठी शब्द वदवून घेऊ लागले. काकू आधी तोंड फिरवू लागल्या, मग बोलेनाशाच झाल्या. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "ही अशीच गप्प राहिली तर मी कुणाशी बोलू रे?" ते मला म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी होटगीहून येणारे दूधवाले मामा दारातूनच काकूंशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलले आणि काकू खुदकन हसल्या. मामा काकांकडे वळले. "त्या लई झ्याक बोलत्यात की. तुमालाच कळंना, त्याला त्या काय करतील?"

 संध्याकाळी काका खाली येऊन म्हणाले, "तिच्या सेटला हात लावायचा नाही. माझाच बदलायचा." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मामांची शिकवणी धरली.

आता दुपारी काकूंचं बोलणं आमच्या घरापर्यंत ऐकू येतं. काका "नीरु बेका?" म्हणून पाणी विचारतात, काकू उच्चार सुधारतात आणि मग माहेरचं काहीबाही भरभर सांगत सुटतात. काकांना त्यातलं निम्मंही कळत नाही. ते मान हलवत "हौदु, हौदु" म्हणजे हो, हो करत राहतात.

परवा जिन्यात भेटले, तेव्हा कठड्याला धरून थांबले.

"लग्न होऊन आली तेव्हा हीसुद्धा माझ्या प्रत्येक बोलण्याला नुसतं हो, हो म्हणायची," ते म्हणाले. "मला वाटायचं, पहिल्या दिवसापासून जुळलं आमचं."