ड्राइव्हवेवरचं न्यूझीलंड

न्यूझीलंडला कधीही न जाता ते सगळंच्या सगळं फावड्याने हलवलेला माणूस जगात एकच, आणि तो इथे कॅनडात, रेजिनात आमच्या शेजारी राहतो. आम्ही त्यांना काका म्हणतो. नागपूरला ते शाळेत भूगोल शिकवायचे. इकडे येऊन सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या आणि रिटायर झाले. भूगोल काही अंगातून गेला नाही, आणि नशिबी आलं रेजिना! दारात उभं राहावं तर नजर अडायला टेकाडसुद्धा नाही. "हा काय प्रदेश आहे? कुणीतरी इस्त्री फिरवलीये," असं काका चारचौघांत म्हणायचे.

कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाची धामधूम झाली, त्याच वर्षीच्या विंटरमध्ये त्यांनी दारातल्या बर्फाचं न्यूझीलंड करायचं मनावर घेतलं. आम्ही शोव्हल करतो ते बर्फ कुठेही टाकतो. काका जागच्या जागी टाकायचे. लॉनवर उत्तर बेट, ड्राइव्हवेवर आडवं दक्षिण बेट आणि मधली दाराकडे जाणारी पायवाट म्हणजे कुकची सामुद्रधुनी. भिंतीतल्या ड्रायरच्या नळीतून उत्तर बेटावर वाफ यायची, ते रोटोरुआचे गरम झरे. पाहुणा दिसला की आत हुकूम सुटायचा, "अगं, ड्रायर लाव!" काकू बिचाऱ्या वाळलेले टॉवेल पुन्हा वाळवायच्या. एकदा मी मदत म्हणून पश्चिम किनाऱ्यावर फावडंभर बर्फ टाकलं, तर काकांनी ते उचलून परत माझ्या बुटांवर ओतलं. "तिथे एवढी रुंद जमीन नाहीये. चूक ती चूक." गाडी मात्र दक्षिण बेटामागे गराजमध्ये एप्रिलपर्यंत अडकलेली, आणि यांची ग्रोसरी माझ्या गाडीतून. काकू म्हणायच्या, "यांचा देश वितळला की मी बाहेर पडेन."

काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख फार वाट बघून मिळाली होती. चुकली असती तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. नेमकी त्याच सकाळी थंडीने माझ्या गाडीची बॅटरी बसली आणि टॅक्सी मिळेना. काका फावडं घेऊन धावले, पण दक्षिण बेटावरच्या आल्प्सला, तिथल्या डोंगररांगेला, हात लावेनात. खरी खिंड आहे तिथूनच रस्ता काढायचा म्हणाले. खिंड झाली सुंदर, पण नागमोडी. तिच्यातून सायकल गेली असती. गराजच्या दारात काठी टेकून उभ्या काकू हळूच म्हणाल्या, "अहो, माझी वेळ जाईल हो."

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सुटलेच. शिखरं, हिमनद्या, कँटरबरीचं मैदान, सगळं रस्त्याकडेला भिरकावलं. मी पुढे झालो तर मला ढकललं. काकू वेळेवर पोचल्या, ऑपरेशन उत्तम झालं. छातीत कळ मात्र काकांच्या आली, आणि डॉक्टरांनी फावडं कायमचं बंद केलं.

पुढच्या विंटरला एक ट्रकवाला यायचा आणि सगळं सपाट करून जायचा. काका खिडकीत बसून राहायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

एका दुपारी पाहिलं तर काकू नव्या गुडघ्याने लॉनवर हळूहळू फिरत होत्या. हातात केर भरायची सुपली. सुपली सुपली बर्फ आणून त्यांनी कमरेइतका ढीग केला होता.

"काकू, हे काय?"

"माउंट कुक. बरोबर झालाय का, त्यांना विचार."

कसला बरोबर! दक्षिण बेटावरचा डोंगर चक्क उत्तर बेटावर उभा होता. मी खिडकीकडे पाहिलं. काका उठून उभे राहिले होते. बराच वेळ त्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग काचेआडून, बरोबर आहे, अशी मान हलवली.