वन्संचं घर आणि भिंगरीचा मामा

माझ्या नणंदेला आजवर एकशे चार पोरांनी आत्या म्हटलंय. त्यातलं रक्ताचं म्हणाल तर एकच, माझं. माझा मुलगा लहानपणी ‘आत्या, आत्या’ करत त्यांच्या पदराला लोंबकळायचा, ते ऐकून बाकीची पोरंही तेच म्हणू लागली. मी मात्र लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना वन्सं म्हणते आणि त्या मला वहिनी. चाळीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना अहो-जाहो करून भांडतोय. अहो-जाहोत भांडण जरा जास्त लागतं, पण टिकतं चांगलं.

वन्सं मुलांच्या दवाखान्यात नर्स होत्या. एकदा एका पोराचा उपचार संपला, खाट रिकामी करायची वेळ आली आणि त्याला न्यायला कुणीच आलं नाही. येणारं कुणी उरलंच नव्हतं. वन्संनी सगळे कागद रीतसर केले, त्याला काखोटीला मारलं आणि घरी घेऊन आल्या. दारातच मला म्हणाल्या, “वहिनी, दोनच दिवस.”

ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. ते पोरगं आता गाड्या दुरुस्त करतं, त्याला टक्कल पडलंय, आणि आमच्याकडचा पाण्याचा पंप बिघडला की तोच येतो.

त्याच्या मागोमाग दुसरं आलं, मग तिसरं. आमचे हे वन्संना म्हणाले, “घर तुझंही आहे, तुला हवं ते कर.” असं भाऊ बहिणीला म्हणतच असतो. बहीण ते खरं धरेल असं ह्यांना वाटलं नव्हतं. वर्षभरात पुढच्या मोठ्या खोलीत आठ खाटा लागल्या, मग व्हरांडा बंद करून चार. आमच्या दोघांच्या वाट्याला स्वयंपाकघरामागची खोली आली. हे कधी कुरकुरले नाहीत. फक्त एकदा म्हणाले, “माझी आरामखुर्ची कुणी पाहिली का?” तिच्यावर तेव्हा पायाला प्लास्टर घातलेली दोन पोरं झोपली होती.

हे सगळं वन्सं देवाचं काम म्हणून करतात. पण त्यांचं देवाशी बोलणं म्हणजे दूधवाल्याशी बोलल्यासारखं. डोळे मिटून, हात जोडून स्पष्ट सांगायचं: “काल सांगितलं होतं, अजून आलेलं नाही. चादरी सहा कमी आहेत. खोकला तिघांना आहे, तो आता पुरे.” आणि गंमत म्हणजे चादरी यायच्या. त्यांच्या प्रार्थनेच्या मंडळींत कुणीतरी ते ऐकलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, “वन्सं, देवानं ऐकलं की शेजारणीनं?” तर म्हणाल्या, “शेजारणीला कान कुणी दिले?” त्यांच्यापुढे बोलण्यात जिंकायचं म्हणजे पहाटेच उठायला हवं, आणि त्या तर माझ्याही आधी उठतात.

त्यांचे नियम दोन. पहिला असा, की पोरांनी कुणालाही आई म्हणायचं नाही. त्यांना नाही, मलाही नाही. “आपण सांभाळणाऱ्या. ती जागा मोकळी ठेवायची. ज्याचं माणूस येईल त्याच्या हवाली पोर करायचं आणि हसून करायचं.” दुसरा नियम, पोरांशी खोटं बोलायचं नाही. इंजेक्शन दुखणार असेल तर ‘दुखेल’ म्हणून सांगायचं. आजारी पोरांच्या घरात एखादं पोर हातचं जातंही. तेव्हाही वन्सं सगळ्यांना जवळ बसवून सांगतात, “तो मेला. आता त्याला काही दुखत नाही. रडायचं असेल त्यानं रडावं.” बाहेरच्यांना हे कठोर वाटतं. पण आमच्याकडची पोरं अंधाराला घाबरत नाहीत, हे मी पाहिलंय.

मग आली भिंगरी. पाच वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ. तिला फिट्स यायच्या. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला औषध पोटात गेलं की बरी असायची. बाप आधीच गेलेला, आई तापात गेली. एक मामा होता, पण तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. बहीण गेल्याचं त्याला कळलं तेव्हा भिंगरी आमच्याकडे येऊन तीन महिने झाले होते.

एवढी पोरं येऊन गेली, पण वन्संचा जीव असा कुणात अडकलेला मी पाहिला नव्हता. भिंगरी त्यांच्या चष्म्यातून बघायची, त्यांच्या पर्समधली पेनं लपवायची, आणि त्या नुसत्या हसायच्या. मी एक पेन हरवलं असतं तर तीन दिवस ऐकून घेतलं असतं.

दोन वर्षांनी मामानं अनाथ मुलांचं बघणाऱ्या सरकारी कचेरीत अर्ज केला. त्याचं लग्न झालं होतं. बायको शिवणकाम करायची, घरीच असायची. त्यानं लांबचा ट्रक सोडून गावातला पाण्याचा टँकर धरायचं ठरवलं होतं. कचेरीतल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “सहा रविवार त्यानं इथे येऊन मुलीबरोबर राहू दे, औषध द्यायला शिकू दे. मग तुम्ही पत्र द्या. तुमचं पत्र आलं की मुलगी त्याची.”

म्हणजे सगळं वन्संच्या एका सहीवर आलं.

मामा पहिल्या रविवारी आला. उंच, खांदे पाडून चालणारा, बोलायला महाकंजूस. वन्संनी त्याला औषधाचं छोटं माप हातात दिलं. “वरून बघून भरायचं नाही. माप डोळ्यांसमोर धरा. जमत नसेल तर गुडघे वाकवा. रेघेला टेकलं पाहिजे, वर नाही, खाली नाही.” तो बिचारा गुडघे वाकवून उभा राहिला आणि भिंगरीनं ती संधी साधून त्याच्या डोक्यावरची टोपी पळवली.

तीन रविवार आला. चौथ्याला आला नाही. पाचव्यालाही नाही.

“बघितलंत?” वन्सं म्हणाल्या. “ज्याला रविवार पाळता येत नाही, त्याला आठचं औषध पाळता येणार?”

“अहो, ट्रकची शेवटची खेप असेल. माणूस रस्त्यात अडकतो.”

“अडकला की औषधही अडकणार.”

हे खोटं नव्हतं. औषध चुकलं आणि पोर रस्त्यात पडलं तर काय, हे मलाही कळत होतं. पण त्यांच्या आवाजात काळजीबरोबर आणखी काहीतरी होतं. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, पण नणंदेचा आवाज मला वाचता येतो.

मी म्हटलं, “वन्सं, एक विचारू? तुम्हाला तो यायला हवाय की नकोय?”

त्यांनी हातातली घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा घातली. “तुम्ही स्वयंपाकाचं बघा, वहिनी.”

“बघतेच आहे. पण नियम तुमचा आहे. हसून हवाली करायचं, असं मी नव्हतं म्हटलं.”

झालं. दोन दिवस अबोला. निरोप पोरांमार्फत. “आत्या विचारतात, भात झाला का.” “आत्यांना सांग, डोळे असतील तर दिसेल.” पोरांना तो खेळच झाला, आणि मधल्या मधे ती निरोपात आपल्याकडचंही घालायला लागली. “आजी म्हणतात, आज गोड करणारेत.” पोरांची आजी म्हणजे मी, पण मी असं कुठे म्हटलं होतं? पण करावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. अंगणापलीकडे आमची जुनी कोठीची खोली आहे, तिथे रोज साडेसातला प्रार्थना होते. एका पोरीनं ती खोली झाडताना विचारलं होतं, हे कुणाचं घर? वन्संनी सांगितलं, देवाचं. तेव्हापासून आमच्याकडे प्रार्थनेला जाणं म्हणजे देवाघरी जाणं. पोरं सरळ म्हणतात, “मी देवाघरी चाललो, माझी चप्पल कुणी घेऊ नका.” मेलेल्याला आम्ही मेला म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाचा दुसरा अर्थ आमच्या पोरांना ठाऊकच नाही. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मीही विसरले होते.

त्या दिवशी सगळी प्रार्थनेला गेली होती. घरात मी, आणि ताप आलेली चार वर्षांची शेपूट. सतत कुणाच्या तरी मागे असते म्हणून शेपूट. ती पांघरूण घेऊन दाराच्या पायरीवर बसली होती. मी आत पीठ मळत होते. फाटक वाजलं, बाप्याचा आवाज आला, “भिंगरी कुठंय गं?” आणि शेपटीनं सांगितलं, “देवाघरी गेली.”

मग धप्पकन आवाज.

मी पिठाच्या हातानं बाहेर आले तर भिंगरीचा मामा पायरीवर बसलेला. बसलेला कसला, कोसळलेला. हातातली पिशवी उलटी, तोंड पांढरंफटक. मला वाटलं, उपाशी गाडी चालवून चक्कर आली असेल.

“केव्हा?” तो म्हणाला.

“काय केव्हा? भिंगरी होय? आत्ताच की, अर्धा तास झाला.”

“अर्धा तास…” त्यानं डोळे मिटले. “आणि मी दोन रविवार…”

“अहो, होतं असं. वाईट वाटून घेऊ नका.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. “अचानक?” त्यानं विचारलं.

“अचानक कसलं? रोजचंच आहे. सगळीच जातात.”

“सगळी?”

“ही तापाची तेवढी ठेवलीय. उद्या बरी वाटली तर हीपण जाईल.”

शेपटीनं मान डोलावली. “मला आजच जायचं होतं,” ती म्हणाली.

“आणि… बाई?”

“वन्सं तर सगळ्यांच्या आधी जातात. त्यांच्याशिवाय सुरूच होत नाही.”

तो माणूस ढसाढसा रडायला लागला. “मला एकदा बघू द्या तिला.”

“मग जा की!” मी म्हटलं. “अंगण ओलांडलं की समोर. फक्त चपला काढून जा.”

तेवढ्यात प्रार्थना सुटली आणि पोरांचा लोंढा अंगणात आला. सगळ्यांत पुढे भिंगरी, “मामा!” करत. ती थेट त्याच्या अंगावर आदळली. त्यानं तिला धरलं, सोडलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, पुन्हा धरलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि माझे पिठाचे हात माझ्याच तोंडाला लागले.

“वन्सं,” मी अबोला विसरून ओरडले, “अहो, याला वाटलं ती गेली!”

“गेलीच होती की.”

“तशी नाही हो! गेली! देवाघरी!”

वन्संना कळायला क्षणभर लागला. मग त्या हसायला लागल्या, त्यांना हसताना पाहून मी, मग काही न कळता सगळी पोरं. मामा रडत होता, हसत होता, नाक पुसत होता. त्यानं मधेच तुटक तुटक सांगितलं: पुलाचं काम निघालं, ट्रक अकरा दिवस पलीकडे अडकला, सुटल्यावर तो घरीसुद्धा न जाता इकडेच आला. वन्सं त्याला पाणी देत होत्या आणि मला म्हणत होत्या, “वहिनी, तुम्ही माणूस मारला असता!” मी म्हणत होते, “घराला नाव तुम्ही ठेवलंत, मी नाही!” हे असं किती वेळ चाललं कोण जाणे.

त्या गडबडीत मामाची नजर दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली. त्यानं भिंगरीला मांडीवरून खाली ठेवलं.

“बाई,” तो म्हणाला, “आठ वाजून सात मिनिटं झालीत. हिचं औषध झालं का?”

वन्संचा हात गळ्यातल्या किल्लीकडे गेला. इतक्या वर्षांत, स्वतः तापानं फणफणलेल्या असताना, मोठ्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, स्मशानात पोहोचवून आलेल्या सकाळीही, आठचं औषध त्या विसरल्या नव्हत्या. आज विसरल्या होत्या, आणि ज्याच्याबद्दल त्या दोन आठवडे बोलत होत्या, त्याला आठवण होती.

त्यांनी कपाट उघडलं. बाटली काढली. मला वाटलं, आता स्वतः भरतील. पण त्यांनी बाटली आणि माप मामापुढे धरलं. त्यानं पँटला हात पुसले, गुडघे वाकवले, माप डोळ्यांसमोर धरलं आणि श्वास रोखून रेघेपर्यंत भरलं. एक थेंब सांडला नाही. भिंगरीनं एका घोटात घेतलं आणि नेहमीसारखं वाकडं तोंड करून दाखवलं.

वन्संनी वही काढली. औषधाच्या वेळेपुढे त्या बारीक अक्षरात सही करतात. त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं. “तुम्ही दिलंत, तुम्ही लिहा. आठ वाजून नऊ.”

दुपारी त्या खिडकीपाशी पत्र लिहायला बसल्या. मी भांडी आवरत होते. पत्राची घडी घालत म्हणाल्या, “मला तो यायला नको होता, वहिनी. तुमचं बरोबर होतं.”

मी म्हटलं, “मला पुन्हा ऐकू द्या. भांड्यांच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.”

“एकदाच मिळेल,” त्या म्हणाल्या आणि पाकीट चिकटवलं.

मामा आणखी एक रविवार येऊन गेला, या वेळी बायकोला घेऊन. तीही गुडघे वाकवून माप भरायला शिकली. महिन्याभरानं कचेरीचे कागद झाले आणि मामा टँकर घेऊनच आला. भिंगरीला पुढच्या सीटवर मामीच्या मांडीत बसायला मिळालं, मग काय विचारता! तिनं हात हलवला तो सगळ्या रस्त्याला, आम्हालाच असं काही नाही. वन्सं फाटकात उभ्या होत्या, हसत. टँकर वळेपर्यंत हसत होत्या, जसं नियमात लिहिलंय तसं.

आत आल्या आणि माझ्यावर घसरल्या. चादरी भिजत घातल्या त्या कुणी? गरम पाण्यात? रंगीत आणि पांढऱ्या एकत्र? चाळीस वर्षं सांगतेय तरी! मी ऐकत राहिले. एक शब्द उलट बोलले नाही. पंधरा मिनिटं त्या एकट्याच बोलल्या, मग थांबल्या आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

“वहिनी, बरं नाही का तुम्हाला?”

“बरं आहे की.”

“मग बोला की काहीतरी!”

मग मी बोलले. त्या चादरी कुणी भिजवल्या, साबण कुणी संपवला आणि रंगीत चादर पांढऱ्यांत कुणी टाकली, सगळं सांगितलं. तासभर चांगलं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी वन्संना भूक लागली. दोघींनी मिळून चादरी पिळल्या आणि भिंगरीच्या खाटेवर कपाटातली कोरडी चादर घातली, कारण संध्याकाळी त्या एकाच खाटेवर दोन भाऊ यायचे होते, आणि त्यातल्या धाकट्याला म्हणे एकटं झोपायची सवय नव्हती.