आधी पाच गाणी

कराडमध्ये उसाच्या ट्रॅक्टरांना टेप बसवून देणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा नियम आहे. टेपसोबत तो पेनड्राइव्ह देतो, पण त्यातली पहिली पाच गाणी त्याच्या आवडीची. पाचही एका म्हाताऱ्या इंग्रज रॉक गायकाची, बँड सोडल्यावर एकट्यानं गायलेली. क्रमही ठरलेला, हळू गाण्यापासून चढत जाणारा.

"नवख्याला एकदम किंकाळी ऐकवायची न्हाई," तो म्हणतो. "माणूस बुजतो."

इंग्रजी त्याला येत नाही. "पर त्यो खोटं गात न्हाई, एवढं कळतं."

ऊसतोड मजुरांच्या हक्कांवरचं माझं भाषण मी त्याला पेनड्राइव्हमध्ये घालायला दिलं. त्यानं डोळे मिटून, पान्यानं बाकड्यावर ताल धरत ते पूर्ण ऐकलं.

"पयल्या वाक्यापासनंच वरडतोस रं. सहावं घालतो."

मजुरांचा प्रश्न विलायती म्हाताऱ्याच्या मागं रांगेत! मी धुमसतच घरी आलो.

महिन्याभरानं कारखान्याच्या फाटकाशी थांबलेल्या एका ट्रॅक्टरवाल्याला मी विचारलं, "पाच गाण्यांनंतरचं भाषण कसं वाटलं?"

"भाषण हाय व्हय त्यात? आवं, पाचवं संपलं की मी परत पयलं लावतो. लय जीव लावून गातोय म्हातारा."

मी तडक दुकानात जाऊन तक्रार केली. मेकॅनिकचा चेहरा उजळला.

"खरंच परत लावतो म्हनला?" त्यानं दोनदा विचारलं. मग पाना खाली ठेवून म्हणाला, "तुझं भाषण तिसरं घालू, गड्या. फकस्त सुरुवात हळू कर."

सध्या मी हळू सुरुवात लिहितो आहे. अवघड आहे.