पार्थियाच्या राजाची कापसाची दाढी

दिग्रसच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो आणि वर स्वतःला नाटककारही समजायचो. तोंडावर हसणारं कोणी भेटलं नाही, तिथंच घोळ झाला. छप्पनच्या बौद्ध धर्मांतराला चार-पाच वर्षं झाली असतील. त्या वर्षीच्या संमेलनासाठी मी पार्थियाच्या राजावर नाटक लिहिलं. प्राचीन इराणातला राजा. सरदार फुटलेले, मांडलिक ऐकेनासे झालेले, पलीकडे रोम टपून बसलेलं, आणि हा गडी मोडकं साम्राज्य पुन्हा उभं करायला निघालेला. राजा अर्थातच मी. दाढी जिनिंगच्या कारखान्यातून आणलेल्या कापसाची. तिच्यात सरकी राहिली होती, ती हनुवटीला टोचायची. सिंहासन म्हणजे हेडमास्तरांची खुर्ची.

बंडखोर मांडलिक राजाच्या पायावर डोकं ठेवतो आणि साम्राज्य सावरतं, असा माझा शेवट. मांडलिक होते आमचे ड्रॉइंग मास्तर. त्यांचं घर बौद्ध झालेलं. तालमीत त्यांनी एकदाच विचारलं, डोकं ठेवणं गाळता येईल का, गावाहून वडील येणार आहेत. मी ऐटीत सांगितलं, इतिहासात फेरफार चालत नाही. खरं तर तो प्रसंग मीच रचला होता. पण आमच्या घराण्याला पाया पडून घ्यायची पिढीजात सवय. त्यात कोणाचं काही अडत असेल, हे माझ्या टाळक्यात शिरेच ना.

प्रयोग भर दुपारी, पटांगणात. त्यांचे वडील पांढरंशुभ्र धोतर नेसून पुढच्याच सतरंजीवर बसलेले. मांडलिक आला, समोर उभा राहिला. उभाच राहिला. मी पाय जरासा पुढे सरकवला. आजही ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

"महाराज," ते शांतपणे म्हणाले, "राज्य सावरायला हात देतो. डोकं देणार नाही."

पुढचं वाक्य माझ्या वहीत नव्हतं, आणि दाढीही एका बाजूनं सुटली. बसून राहिलो तर आणखी हसं होणार, म्हणून खाली उतरलो आणि त्यांचा हात धरला. मोठेपणा कसला, फजिती लपवत होतो. टाळ्या मात्र पडल्या.

पडद्यामागे वडील भेटायला आले. मी शरमेनं अर्धा झालो होतो. माफी कशी मागतात ते ठाऊक नव्हतं, म्हणून सरळ त्यांच्या पायाशी वाकलो. त्यांनी मला दंडाला धरून मध्येच थांबवलं.

"वाकू नका, मास्तर," ते म्हणाले. "तेच तं बंद करून राह्यलो आमी. हात द्या."