खांद्यावरची चार बोटं

तिला सगळे केबीताई म्हणायचे. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, तिलाही नाही. सरकारी कचेरीच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला लागून तिचा फोटो स्टुडिओ होता, आणि कचेरीत ज्याचा अर्ज अडायचा तो तिच्या पायरीशी येऊन उभा राहायचा. तक्रार एकच: फोटो जड होतोय. मोबाइलवरचा फोटो पाच-सहा एमबीचा आणि अर्जाला हवा पन्नास केबीच्या आत. म्हणजे हत्ती सुईच्या नेढ्यातून न्यायचा, आणि तोही सोंड न दुमडता.

केबीताई न्यायची. घाईघाईची माणसं एका फटक्यात फोटोचा जीव घेतात, असं तिचं म्हणणं होतं. ती आधी फोटोच्या कडा छाटायची, मग लांबी-रुंदी उतरवायची, आणि अगदी शेवटी त्याचा दर्जा एकेक पायरीने खाली आणायची. प्रत्येक पायरीला फोटोतल्या माणसाचे डोळे बघायची. पापण्यांच्या कडा विरघळायला लागल्या की एक पायरी मागे यायची आणि थांबायची. "डोळे तुटले की माणूस गेला," एवढं एकच वाक्य ती शिकवल्यासारखं बोलायची.

दिवसातून एकदा तरी कुणी आपल्या पोटावर हात ठेवून विचारायचंच, "ताई, आमचं वजन नाही का हो उतरवता येणार असं?" ती प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. म्हणायची, "येईल की. पण मग कडा छाटाव्या लागतील."

स्टुडिओ मूळचा नवऱ्याचा. तो गेला तेव्हा लेक नववीत होती. कॅमेरा कसा धरायचा हे ती त्याच्याकडे बघून बघून शिकली होती, कॉम्प्युटर पुढे गरजेने शिकली. नवऱ्याचा एक नेम मात्र तिने जसाच्या तसा चालवला. तो निगेटिव्ह कधी फेकत नसे. तिच्याकडे निगेटिव्ह नव्हत्या; पण कॉम्प्युटरवर 'मूळ' नावाचा एक फोल्डर होता, आणि आलेला प्रत्येक फोटो आधी तिथे जायचा. कात्री लावायची ती नकलेला, मुळाला नाही. वर्षभराने माणूस परत आला आणि म्हणाला, ताई, तो फोटो होता का हो, तर ती बोट न अडखळता काढून द्यायची.

एवढ्या जपणुकीच्या बाईला स्वतःच्या नातीचा एकही धड फोटो मिळत नव्हता.

फोटो यायचे, नाही असं नाही. तिची धाकटी बहीण पाठवायची. पण फोनवर फोटो उघडला की केबीताईला आधी नात दिसत नसे, फोटोला लागलेले हात दिसत. गालाच्या कडेला बारीक चौकोन पडलेले असले की हा फोटो जतन करून पुन्हा पाठवलाय, आणि तेही एकदा नाही. वरच्या कोपऱ्यात कुणाच्या तरी फोनच्या बॅटरीची खूण राहिली असेल तर कुणीतरी पडद्याचाच फोटो घेतलाय. लेकीकडून सासरच्या मंडळींकडे, तिथून कुणाकडे, तिथून धाकटीकडे, तिथून इथे. तीन हात, चार हात. प्रत्येक हाताने थोडं थोडं खरवडून नेलेलं. नात पाच वर्षांची झाली होती आणि तिच्या डोळ्यांचा रंग नक्की कुठला, हे आजीला सांगता आलं नसतं.

ती दोन बोटांनी फोटो मोठा करायची. मोठा केला की चौकोनही मोठे व्हायचे. अजून मोठा केला की फक्त चौकोनच उरायचे, गव्हाळ, तपकिरी, एखादा गुलाबी. हा ओठ असावा, असं ती ठरवायची.

लेक समुद्रापलीकडे राहत होती. सहा वर्षं दोघींमध्ये बोलणं नव्हतं. भांडण म्हणावं असं भांडणही झालं नव्हतं. झालं होतं ते एका फोटोवरून, आणि तो फोटो केबीताईनेच काढला होता.

लेकीने लग्न ठरवलं तो माणूस तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा, आणि आधीचा एक संसार मोडलेला. माणूस वाईट नव्हता. केबीताईनेही त्याला कधी वाईट म्हटलं नाही. पण लग्न झालं की महिन्याभरात तो लेकीला घेऊन जाणार होता, आणि हे त्याने पहिल्याच भेटीत, खुर्चीच्या टोकाला बसून, खरंखरं सांगून टाकलं होतं. लग्न कचेरीत झालं, सह्या करून. माणसं मोजून सहा. बाहेरचा फोटोवाला कशाला, म्हणून आईनेच कॅमेरा गळ्यात अडकवला. अकरा फोटो काढले.

त्याच दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर तिने त्यातला एक पाठवला. लहान करून. आणि लहान करताना, रोजच्या हाताने, कडा छाटून. छाटलेल्या फोटोत लेक एकटी होती. निळ्या कपड्यांत, जरा मान कलती करून हसणारी. तिच्या डाव्या खांद्यावर मात्र चार बोटं राहिली होती. ती काही केल्या छाटता येईनात; ती छाटायची तर खांदा जात होता.

ग्रुपवर कौतुकं झाली. मग कुण्या चुलतभावाने विचारलं, हा हात कुणाचा हो? त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

लेक त्या संध्याकाळी सामान भरत होती. तिने फोन आईसमोर धरला. केबीताई म्हणाली की साइज बसत नव्हती. हे लेकीने ऐकून घेतलं. तिचं बालपण या कॉम्प्युटरच्या मागे गेलेलं, साइज कशी बसते ते तिला माहीत होतं. ती आवाज न चढवता एवढंच म्हणाली, "आई, निदान बोटं तरी पुसायचीस."

नंतर तिने बाकीचे फोटो मागितले नाहीत. केबीताईनेही पाठवले नाहीत. आधी वाटलं, मागेल तेव्हा देऊ. मग वाटलं, आता कुठल्या तोंडाने देऊ. या दोन वाटण्यांच्या मध्ये सहा वर्षं गेली.

त्या दिवशी भरदुपारी धाकटी दुकानात आली. तिचं आपलं मुसळासारखं सरळ. आली ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली, हातातली पिशवी खाली टेकवली, पायांतल्या चपला तिथेच ढकलल्या आणि सांगायला लागली. रात्री कधी नव्हे तो केबीताईच्या लेकीचा तिला फोन आला होता. नातीच्या शाळेत म्हणे प्रत्येकाने आईबाबांच्या लग्नाचा फोटो आणायचा आहे, वहीत चिकटवायला. पोरीने घर उलथंपालथं केलं, फोटो नाही. मग आईला विचारलं, तुमचं लग्न झालंच नाही का?

केबीताई समोरच्या अर्जातल्या फोटोचे डोळे बघत राहिली.

"तुझ्याकडे आहेत ना गं ते, ताई?"

"असतील. बघते."

"सहा वर्षं बघतेयस. इथे लोक येतात, तू मिनिटात काढून देतेस. सख्ख्या लेकीचा तेवढा सापडत नाही होय?"

"तिने मागितलाय?"

खोटं बोलायची धाकटीची तयारी होती, पण जमलं नाही. "तिने काही मागितलं नाही. तिने नुसतं सांगितलं, आणि मग बराच वेळ फोन ठेवला नाही. मी आपली समजले. दे माझ्याकडे, मी पाठवते. वहीत तर चिकटवायचाय, छोटा चालेल."

"तुझ्या हातून नको," केबीताई म्हणाली. मग आवाज मऊ करून म्हणाली की तुझ्यावर राग नाही गं, पण फोनवरून गेला की तो पुन्हा खरवडला जातो.

धाकटी गेल्यावर तिने शटर अर्धं ओढलं. गल्लीतलं ऊन गुडघ्यापर्यंतच आत येऊ लागलं. मग ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि 'मूळ' उघडलं. शोधावं लागलं नाही. ती वाट बोटांना पाठ होती. फक्त दारापर्यंत जाऊन परत फिरायची सवय होती.

अकरा फोटो. सह्या करतानाचे दोन. कचेरीच्या पायऱ्यांवरचे. एकात लेक बुटाचा बंद बांधतेय आणि तो तिची पर्स धरून उभा आहे, अगदी छातीशी, कुणी ठेवायला दिलेल्या तान्ह्या मुलासारखी. आणि तो एक फोटो, पुरा. इतक्या वर्षांत तिला त्यातली चार बोटंच आठवत आली होती. आता त्या बोटांमागे मनगट होतं, मनगटामागे कोट, आणि कोटाच्या वर एक चेहरा, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा, थेट तिच्याकडे बघणारा.

त्याच्या शर्टाच्या कॉलरचं एक टोक कोटाबाहेर उभं राहिलं होतं.

ती एकेक फोटो पुढे नेत गेली. अकराच्या अकरा फोटोंत ते टोक उभं होतं. रस्त्यावरचा कुणीही माणूस स्टुलावर बसला तरी त्याची कॉलर नीट केल्याशिवाय केबीताई बटण दाबत नसे. हमालाची केली होती, साहेबाची केली होती, एका रडणाऱ्या नवरदेवाची केली होती. आणि त्या दिवशी तिने ते टोक पाहिलं होतं. अकरा वेळा पाहिलं होतं.

तेव्हा तिला कळलं की कात्री दुपारी लागली नव्हती. ती सकाळीच, कॅमेऱ्याच्या मागे, लागली होती. तो नसता तर ही गेली नसती, एवढंच तिच्या मनात होतं, आणि निदान एका फोटोत तरी लेक गेली नाही असं तिला बघायचं होतं.

आता चार मिनिटांत ती कॉलर खाली बसवता आली असती. तिने ती तशीच ठेवली.

लेकीचा ईमेलचा पत्ता तिला ठाऊक होता. पहिल्या परीक्षेचा अर्ज भरताना तिनेच तो उघडून दिला होता. अजून चालतो की नाही कोण जाणे. एकेक फोटो सात-आठ एमबीचा, एका मेलमध्ये दोनच मावत. लहान करून सगळे एकदम गेले असते. तिने सहा मेल केले. प्रत्येक वेळी फोटो चढतानाची निळी रेघ मुंगीच्या पावलाने सरकायची आणि केबीताई तिच्याकडे बघत बसायची. बाहेर दोनदा कुणी शटर वाजवलं. तिने ओ दिली नाही. शेवटच्या मेलमध्ये बराच वेळ काही लिहिलं, पुसलं, आणि एवढंच ठेवलं: त्याला कॉलर नीट करायला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी काही आलं नाही. मेल परतही आले नाहीत, याचाच तिने आधार धरला. दुसऱ्या दिवशी एका शिक्षिकेचा फोटो तिने चक्क बत्तीस केबीपर्यंत खाली नेला; डोळे तुटले, आणि बाईंनी 'मी अशी दिसते?' असं विचारेपर्यंत तिला कळलं नाही. माफी मागून तिने तो पुन्हा केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. फोटो नव्हता. तिने आधी तेच पाहिलं. मग वाचलं.

मिळाले. अकराही मिळाले. कॉलर त्याची अजून तशीच असते. पिल्लूने एकेक फोटो मोठा करून पाहिला. विचारत होती, आजी कुठे आहे? यात तू कुठेच नाहीस.

केबीताईने ते तीन-चारदा वाचलं. शेवटच्या वाक्यात राग होता की आणखी काही, ते तिला ठरवता येईना. ते शब्द मोठे करून बघायची सोय नव्हती.

पण म्हणणं खरं होतं. अकरातल्या बहुतेक फोटोंत लेक तिच्याकडेच बघत होती, आणि ती स्वतः कुठेच नव्हती. या दुकानात इतकी वर्षं काढून तिचा स्वतःचा म्हणून एकच फोटो होता, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला, चाळीस केबीचा.

तिने शटर पुरतं उघडलं, म्हणजे उजेड आत येईल. कॅमेरा स्टँडवर चढवला, दहा सेकंदांचा वेळ लावला, बटण दाबलं आणि स्टुलाकडे निघाली. दहा सेकंद पुरले नाहीत. पहिल्या फोटोत ती पाठमोरी आली, एक पाय उचललेला. दुसऱ्यात डोळे मिटलेले. तिसऱ्या वेळी ती नीट बसली, मान रोज दुसऱ्यांना सांगते तशी जरा डावीकडे घेतली, आणि कॅमेऱ्यामागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. तिथे लहानपणी लेक उभी राहायची आणि गिऱ्हाइकांना हसवायला तोंडं वाकडी करायची.

फोटो वाईट नव्हता. केस पिकलेले दिसत होते, हनुवटीखाली सैल पडलेलं दिसत होतं, स्टुलाच्या पायाशी धाकटी विसरून गेलेली पिशवी दिसत होती. डोळे शाबूत होते.

तिने तिन्ही फोटो 'मूळ'मध्ये ठेवले. दोन मेल करून तिन्ही पाठवले, पाठमोरासुद्धा, पिशवीसकट. दुसऱ्या मेलखाली तिने लिहिलं, पिल्लूचा एक पाठव. तू काढलेला. जड असला तरी चालेल.

निळी रेघ हळूहळू सरकायला लागली. दारात एक माणूस येऊन उभा राहिला होता, हातात मोबाइल, अर्ज फोटो घेत नाही म्हणाला. केबीताईने त्याला हातानेच थांबवलं आणि रेघ टोकाला जाईपर्यंत पडद्यावरची नजर काढली नाही.