आक्का म्हणायच्या, सैल सोड

खामगावहून आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात परातीतच थांबला... पंधरा दिवस झाले, तरी पटत नाही. माझी ही थोरली नणंद तोंडाची फटकळ. एक घाव दोन तुकडे! घरातले पुरुषही त्यांना वचकून असत. पण मी आज चालतीबोलती आहे ती त्यांच्यामुळंच.

दुसरं बाळंतपण फसलं आणि माझं अंगावरून रक्त जाणं थांबेना. आमच्या गावाहून, सोनाळ्याहून, छकड्यात घालून मला खामगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय काढलं. पदरात एकच मुलगी. टाके बरे होते, पण मी लाकडासारखी ताठ पडलेली. झोप नाही, घास उतरत नाही. अशानं ही उठायची नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. मग नर्सबाईंनी आक्कांना एक रीत दाखवली. पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायचा, मूठ आवळायची आणि सोडायची; मग पाय, खांदे, शेवटी जबडा. आक्का उशाशी बसून ते हटून करून घेत.

"सोड वं... अजून सैल सोड. कोनाशी भांडून राह्यली?"

हातपाय सुटायचे. दात मात्र घट्टच.

"काय खाऊन राह्यलं तुले? सांग!" आक्कांनी एक दिवस दरडावलंच. मला रडू फुटलं. म्हटलं, "आता मले लेकरू होनार नाही. हे दुसरी करतीन."

आमचे हे रोज येत, दाराशी उभे राहत आणि बहिणीलाच माझी तब्येत विचारत. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची, तिचं नाव घ्यायची रीतच नव्हती. त्या दिवशी आक्कांनी त्यांना दंडाला धरून आत आणलं. "दुसरी करनार हायेस का बे?"

"नाही आक्का."

"मले नको सांगू, तिले सांग. नाव घेऊन सांग."

हे घामाघूम झाले. खाली मान घालून म्हणाले, "सुभद्रे... मी दुसरी करनार नाही."

त्या दुपारी मी झोपले, ती दिवेलागणीला उठले. उठल्यावर भूक लागली होती.

परवा आक्कांच्या तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. चुलत सासरे, मामे सासरे, सगळे ओळीनं बसलेले. पंगत वाढायची वेळ झाली तशी ह्यांनी मान वर केली आणि भरल्या ओसरीतून पहिल्यांदाच मला हाक मारली, "सुभद्रे!"